विंडोज ११ आलं आणि वायफाय गेलं

शनिवारी रात्री साडेनऊला आत्याचा फोन. "अरे, ते नवीन विंडोज घेतलं बघ मघाशी. दोन तास नुसतं गोल गोल फिरत होतं. आता सुरू झालंय, पण वायफायची खूणच नाही. तिथे पृथ्वीचा गोळा आलाय."

आत्या चिपळूणला असते. सोसायटीचे हिशेब आणि शिकवणीचे पेपर, सगळं त्या एका लॅपटॉपवर. राउटर ठीक, तिच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू, आतल्या खोलीत टीव्हीवर मालिका सुरू. फक्त लॅपटॉपचं नेट गेलेलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्याच्या आगेमागे घरोघरी अपग्रेड झाले आणि असले फोन मला इतके आले, की शेवटी हे सगळं लिहूनच काढलं. विंडोज ११ ला लॅपटॉप चालेल का, हे तपासणारं 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं साधन प्रोसेसर बघतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे का बघतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क बघतं. तुमच्या वायफाय कार्डाचा, म्हणजे लॅपटॉपमधल्या वायफाय पकडणाऱ्या भागाचा, जुना ड्रायव्हर (त्या भागाला विंडोजशी बोलतं करणारं सॉफ्टवेअर) नव्या घरी नांदेल का, हे ते सांगत नाही. अपग्रेड होताना विंडोज जुने ड्रायव्हर सोबत नेतं. एखादा जुळत नाही असं वाटलं तर त्याच्या जागी स्वतःजवळचा बसवतं, तोही नसेल तर जागा रिकामी ठेवतं. वायफाय जातं ते बहुतेक वेळा इथेच. राउटर, नेट देणारी कंपनी, पासवर्ड यांच्या मागे लागण्यात लोक अख्खा रविवार घालवतात, म्हणून हे आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट घाईची आहे. अपग्रेडनंतर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असतं. तेवढ्यात मागे जाता येतं आणि त्यातला जुना ड्रायव्हरही काढून घेता येतो. त्यामुळे वायफाय परत येईपर्यंत 'डिस्क क्लीनअप' किंवा 'जागा मोकळी करा' असलं काहीही दाबू नका.

आधी फोनची केबल लावा

वायफाय दुरुस्त करायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेट तर वायफायवरच. यातून सुटायला अँड्रॉइड फोन आणि त्याची केबल पुरते.

फोन केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' शोधा आणि 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. केबल जोडलेली नसेल तर हा पर्याय फिका दिसतो. जोडूनही फिकाच राहिला तर केबल बदला. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. एखाद्या मिनिटात लॅपटॉपला नेट मिळतं. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

फोन घरच्या वायफायवर असेल तर तो वायफायचंच नेट केबलमधून पुढे देतो, म्हणजे मोबाइलचा डेटाही जळत नाही. शिवाय फोन वायफायवर चालतोय, म्हणजे राउटर निर्दोष आहे हेही जाता जाता सिद्ध झालं. फोनलाही वायफाय मिळत नसेल तर अपग्रेडला दोष देऊ नका, राउटरकडे जा.

आयफोनसाठी लॅपटॉपवर अ‍ॅपलचा ड्रायव्हर आधीपासून असावा लागतो. तो नसेल तर अर्ध्या तासासाठी शेजारून अँड्रॉइड मागून आणणं सोपं. लॅपटॉपला लॅनचं भोक असेल आणि राउटर जवळ असेल तर तीही सोय आहेच.

मग रीस्टार्ट. शट डाउन नव्हे

"बंद करून चालू केलं" असं प्रत्येक जण सांगतो. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती सुरू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून पुढे चालू करतं. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून उभं राहतं. म्हणून स्टार्टमधून 'रीस्टार्ट'च निवडा. त्याने वायफाय आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलं, तर फास्ट स्टार्टअप बंदच करा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

हे करताना एअरप्लेन मोड चुकून सुरू नाही ना, हेही बघून घ्या. कीबोर्डवरच्या वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं. काही जुन्या लॅपटॉपांना कडेला छोटी सरकपट्टीही असते, आणि ती साफसफाईत सरकते.

नक्की बिघडलंय काय?

टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात नेटवर्कच्या खुणेवर क्लिक करा आणि शांतपणे बघा. वायफायचं बटणच नाही? बटण आहे, पण तुमच्या घरचं नाव यादीत नाही? नाव आहे, पण जोडायला गेलं की नकार मिळतो? जोडलं जातं, पण खाली 'नो इंटरनेट'? की सगळं चालतं आणि दर पंधरा मिनिटांनी तुटतं? या पाचांचे उपाय वेगवेगळे आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले सगळ्यांना एकच काढा पाजतात, आणि मग जे चालू होतं तेही बंद पडतं.

बटणच नाही

आत्याचं हेच होतं, आणि अपग्रेडनंतर सर्वांत जास्त हेच होतं. विंडोजला वायफाय कार्ड दिसत नाहीये, किंवा दिसतंय पण वापरता येत नाहीये.

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' समोरचा बाण दाबा. ज्या नावात वायरलेस, वायफाय, डब्ल्यूलॅन किंवा ८०२.११ असेल ते तुमचं कार्ड. 'वॅन मिनीपोर्ट' नावाच्या बऱ्याच ओळी दिसतील, त्यांना हात लावू नका. त्या वायफायच्या नाहीत.

कार्डाच्या चित्रावर खाली वळलेला बाण असेल तर ते फक्त बंद केलेलं आहे. उजवं क्लिक, 'एनेबल', काम झालं. पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करा, 'जनरल' पानावर एक कोड क्रमांक दिसेल. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलंय. कार्ड या यादीत नसून वर 'अदर डिव्हाइसेस'मध्ये 'नेटवर्क कंट्रोलर' असं बिननावाचं पडलं असेल, तर तेही ड्रायव्हर नसल्याचंच लक्षण. आणि कुठेच काही नसेल तर त्याचं वेगळं प्रकरण, ते पुढे येतंच.

ड्रायव्हरचं काम या क्रमाने करा.

१. कार्डावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर' पान. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल तर तेच पहिलं दाबा. कारण विचारेल, कोणतंही निवडा. मग रीस्टार्ट.

२. ते बटण फिकं असेल तर त्याच पानावर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग त्याखालचा 'लेट मी पिक' हा पर्याय. एकाच कार्डाचे दोन-तीन ड्रायव्हर, वेगवेगळ्या आवृत्तींचे, रांगेत दिसतात. सध्याचा सोडून दुसरा निवडा, सहसा जुना. नवा तो चांगला हा आपला समज इथे सोडून द्यायचा.

३. तिथेही एकच असेल तर विंडोज डॉट ओल्ड. 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'मध्ये ब्राउझचं बटण दाबून सी ड्राइव्ह, त्यात विंडोज डॉट ओल्ड, मग विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हरस्टोअर आणि शेवटी फाइलरिपॉझिटरी या फोल्डरपर्यंत जा. खालची 'इन्क्लूड सबफोल्डर्स' ही खूण असू द्या. तुमच्या विंडोज १० वर काल-परवापर्यंत सुखाने चालणारा ड्रायव्हर इथेच आहे, आणि विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर ११ वर सहसा चालतो. "उत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे" असं उत्तर मिळालं, तर पिवळा त्रिकोण असलेलं कार्ड उजव्या क्लिकने 'अनइन्स्टॉल' करा, 'रिमूव्ह द ड्रायव्हर' असा पर्याय दिसला तर त्यावरही खूण करा, आणि पुन्हा याच फोल्डरकडे बोट दाखवा.

४. एवढ्यानेही नाही झालं तर बाहेरून ड्रायव्हर आणायचा. फोनची केबल यासाठीच लावली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ऑप्शनल अपडेट्स' बघा. तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली तुमचं कार्ड दिसू शकतं. हे आपोआप बसत नाही, खूण करून उतरवावं लागतं. नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर, लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल किंवा सीरियल क्रमांक टाकून. तिथे विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १० चा घ्या.

कार्ड कोणाचं तेच कळत नसेल तर? प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' पान उघडा आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात व्ही-ई-एन या अक्षरांनंतर येणारी चार चिन्हं म्हणजे कार्डाच्या चिपचं कूळ. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. पडद्यावर हे रोमन अक्षरांत असेल. ती सगळी ओळ तशीच उचलून शोधली तर नेमका ड्रायव्हर सापडतो. फक्त शोधताना सावध. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करू' म्हणणारी सॉफ्टवेअरं अजिबात नकोत. एका ओळखीच्याने तसं एक टाकलं. वायफाय आलं नाहीच, आवाज मात्र गेला.

ड्रायव्हर बसवताना किंवा नंतर 'हा ड्रायव्हर या डिव्हाइसवर लोड होऊ शकत नाही' अशा अर्थाची सूचना आली, तर तो विंडोज ११ च्या 'मेमरी इंटेग्रिटी' या सुरक्षेने अडवला आहे. ती सुरक्षा बंद केली की जुना ड्रायव्हर चालेल, असे सल्ले सगळीकडे सापडतात. मी ते करत नाही. ती सुरक्षा विंडोजच्या गाभ्याला राखते. एका जुन्या कार्डासाठी ती कायमची उघडी टाकण्यापेक्षा काही शे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वायफाय कार्ड, घेतलेला बरा. घेताना खोक्यावर विंडोज ११ लिहिलंय ना ते बघा, आणि त्याचाही ड्रायव्हर लागतो हे विसरू नका.

जुना ड्रायव्हर चालला, तर पुढचा धोका असा, की विंडोज अपडेट दोन दिवसांनी तोच बिघडलेला नवा ड्रायव्हर परत आणून बसवतं. म्हणून सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला 'पॉज' द्या. जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं, तेवढ्यात बऱ्याचदा सुधारलेला ड्रायव्हर येतो. त्याहून लांब मात्र थांबवून ठेवू नका, सुरक्षेची अपडेटही त्याच दारातून येतात.

कार्ड कुठेच दिसत नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू', 'शो हिडन डिव्हाइसेस' केलं आणि कार्ड फिकट रंगात, कोड ४५ घेऊन दिसलं, म्हणजे विंडोजला ते आठवतंय पण आता सापडत नाहीये. इथे एक उपाय आहे जो ऐकायला भोंदूपणा वाटतो. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज निघून जाते आणि अडकलेलं कार्ड पुढच्या वेळी नव्याने जागं होतं. अपग्रेडमध्ये लॅपटॉप तीन-चार वेळा आपला आपण रीस्टार्ट होतो, त्यात कार्ड कधी कधी असं अर्धवट झोपेत अडकतं. मी ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी हे करून बघतो. फुकट आहे आणि दोन मिनिटांचं आहे.

तरी नाही दिसलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वायरलेस बंद आहे का ते बघायला हवं. आणि इथे मी थांबून हात धरतो. बायोसमध्ये काही बदलण्याआधी, आणि बायोस अपडेट करण्याआधी तर नक्कीच, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, हातात ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोस हलला की विंडोज अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये फोनवरून बघता येते. कोणत्या ईमेलने अकाउंट उघडलं होतं ते आठवलं पाहिजे. वायफाय दुरुस्त करायला निघून फोटो गमावून बसू नका. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा, आणि लोडशेडिंगची वेळ असेल तर तो बेत दुसऱ्या दिवशी.

एवढं करूनही कार्ड नाहीच, तर ते योगायोगाने आत्ताच मेलं असण्याची शक्यता धरा. सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपात असं होतं. मग डोंगल.

बटण आहे, पण यादीत आपलं नाव नाही

यादी पूर्णच रिकामी असेल तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा आणि 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही ओळ बघा. ती 'रनिंग' हवी आणि तिचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' हवा. नसेल तर डबल क्लिक करून तसं करा.

शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलंच नाही, तर प्रश्न लहरींचा आहे. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'प्रिफर्ड बँड' किंवा 'वायरलेस मोड' असं काही असतं. नव्या ड्रायव्हरने ते मूळपदावर नेलेलं असू शकतं. तिथे दोन्ही पट्ट्या चालतील असा पर्याय ठेवा.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे चॅनेल. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत नेहमीचे ११. नव्या ड्रायव्हरने स्वतःला अमेरिकेत समजून घेतलं आणि राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडला, तर फोनला नेट दिसतं आणि लॅपटॉपला त्या नावाचा मागमूस नाही. राउटरच्या पानावर जाऊन चॅनेल 'ऑटो'वरून १, ६ किंवा ११ करा. राउटरचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं; पत्ता राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा.

नाव आहे, पण जोडलं जात नाही

जुनी नोंद पुसा आणि नव्याने पासवर्ड टाका: सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', वायफाय, 'मॅनेज नोन नेटवर्क्स', तुमच्या नावापुढे 'फर्गेट'. घरच्या नेटवर्कला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. नाही पुरलं तर राउटरमधली सुरक्षा बघा. तिथे टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी असेल तर तो फार जुना, कच्चा प्रकार आहे, विंडोजही त्याबद्दल कटकट करतं. 'डब्ल्यूपीए२' आणि त्यात 'एईएस' निवडा. राउटर डब्ल्यूपीए३ आणि २ च्या मिश्रणावर असेल आणि जुनं कार्ड अडखळत असेल तर तात्पुरतं नुसतं डब्ल्यूपीए२ करून बघा.

कॉलेज किंवा कंपनीच्या वायफायचं, जिथे पासवर्डसोबत वापरकर्त्याचं नावही लागतं, त्याचं दुखणं वेगळं आहे. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत, पात्र संगणकांवर, 'क्रेडेन्शियल गार्ड' हे लॉगिनची माहिती राखणारं संरक्षण आपोआप सुरू होतं. विंडोजमध्ये लॉगिन केलं की त्याच नाव-पासवर्डाने वायफायही जोडलं जावं, ही जुनी सोय त्याने बंद पडते. डिसेंबर २०२३ मध्ये तर एका अपडेटनंतर अशाच मोठ्या संस्थांच्या नेटवर्कवर काही कार्डं जोडली जाईनाशी झाली आणि मायक्रोसॉफ्टला तो बदल मागे घ्यावा लागला. अशा वेळी घरी बसून खटपट करू नका, संस्थेच्या संगणक विभागाला विंडोजची आवृत्ती सांगा.

जोडलं गेलं, पण 'नो इंटरनेट'

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' हा शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप करा. वायफायखाली तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच एक ठोकून दिलाय. सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपी असाइनमेंट' ऑटोमॅटिक आहे का बघा. ऑफिसच्या कुणीतरी पूर्वी हाताने पत्ता घातलेला असतो, तो नेमका आता आडवा येतो. त्याच पानावर 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' सुरू असेल तर बंद करा. वसतिगृहांत आणि काही सोसायट्यांत नेट देणारा माणूस लॅपटॉपचा ठरावीक हार्डवेअर पत्ता नोंदवून घेतो. पत्ता बदलला की दार बंद.

पत्ता ठीक आहे आणि तरी पानं उघडत नाहीत, तर जुना व्हीपीएन (नेट खासगी वाटेने नेणारं सॉफ्टवेअर) आणि बाहेरचा अँटीव्हायरस हे माझे पहिले संशयित. दोघंही नेटवर्कच्या वाटेवर आपला नाका बसवतात, आणि अपग्रेडनंतर नाका राहतो, नाकेदार पळून जातो. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हाही जुन्या व्हीपीएनच्या अवशेषांमुळे काही लॅपटॉपांत वायफायची यादीच उमटत नव्हती. दोन्ही अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, वायफाय आल्यावर नवी आवृत्ती टाका. दरम्यान विंडोजचा स्वतःचा डिफेंडर राखण करतो, घाबरायचं कारण नाही. सेटिंग्जमधल्या 'प्रॉक्सी'च्या पानावर हाताने घातलेली प्रॉक्सी, म्हणजे नेट ज्याच्यामार्फत जातं असा मधला संगणक, नाही ना, तेवढंही बघून घ्या.

चालतं, पण तुटतं

वीज वाचवायला विंडोज वायफाय कार्डाला डुलकी काढायला लावतं आणि काही कार्डं डुलकीतून वेळेवर उठत नाहीत. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' पानावरची, कार्ड बंद करायला परवानगी देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपांत हे पानच नसतं; तिथे वर सांगितलेला जुन्या ड्रायव्हरचा मार्ग.

का तुटतं हे अंदाजाने ठरवायचं नसेल तर विंडोजकडे स्वतःची रोजनिशी आहे. 'सीएमडी'वर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा रोमनमध्ये टाइप करा: पहिला शब्द 'नेट' आणि 'एसएच' जोडून, शेवटचा 'डब्ल्यूलॅन' आणि 'रिपोर्ट' जोडून. गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवलाय ते तिथेच छापून येतं. ब्राउझरमध्ये उघडला की प्रत्येक वेळी वायफाय कधी तुटलं आणि का, ते दिसतं. झाकण मिटल्यावरच तुटत असेल तर कार्डाची झोप, दिवसभर केव्हाही तुटत असेल तर ड्रायव्हर किंवा राउटर.

नेटवर्क रीसेट, आणि माघार

'नेटवर्क रीसेट' हे बटण 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या तळाशी असतं आणि सगळे ते पहिलंच दाबायला सांगतात. मी ते मुद्दाम शेवटी ठेवतो. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं, साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसतं आणि व्हीपीएन परत मांडायला लावतं. शिवाय ड्रायव्हरच चुकीचा असेल तर तोच चुकीचा ड्रायव्हर परत बसवतं. 'नो इंटरनेट'च्या दुखण्यावर मात्र ते खरंच चांगलं औषध आहे. पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्या.

आठव्या-नवव्या दिवसापर्यंत काहीच जमलं नाही, आणि काम अडलंय, तर परत फिरा: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. तुमच्या फाइली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं जातात. तरीही महत्त्वाचं सगळं आधी पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज १० वर राहायचं तर मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू योजनेत नाव नोंदवा. त्यातून घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात.

ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचंय त्यांनी आजच लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि बिटलॉकरची किल्ली वहीत लिहावी. दहा मिनिटांचं काम आहे.

आत्याचा लॅपटॉप तिसऱ्या पायरीला सुटला. अपग्रेडला सहा दिवस झाले होते, विंडोज डॉट ओल्ड जागेवर होतं, कोड १० चा त्रिकोण जाऊन कार्डाचं नाव स्वच्छ दिसायला लागलं. फोनची केबल तिने स्वतःच काढली. मग सोमवारी सकाळी पुन्हा फोन: "अरे, वायफाय छान चाललंय. पण प्रिंटर म्हणतो ऑफलाइन."

कार्ड नव्याने बसल्यामुळे विंडोजने घरचंच वायफाय अनोळखी धरून 'पब्लिक' ठरवलं होतं, आणि पब्लिक नेटवर्कवर ते आजूबाजूच्या उपकरणांशी बोलत नाही. सेटिंग्जमध्ये वायफाय, नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, 'पब्लिक'च्या जागी 'प्रायव्हेट'. दहावीचे सराव पेपर अकरा वाजता छापून झाले.